मुल्लै : एका शब्दाचा इतिहास

१९०३ साली मद्रासमध्ये तमिळच्या विद्यार्थ्यांसाठी एक टीकाग्रंथ सिद्ध झाला. ‘मुल्लैप्पाट्टु आराय्च्चि’, म्हणजे ‘मुल्लैप्पाट्टु’ या प्राचीन काव्याचा परामर्श, असे त्याचे नाव. त्याचे कर्ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील तमिळचे अध्यापक वेदाचलम्. पुढे शुद्ध तमिळच्या चळवळीचे प्रवर्तक झाल्यावर त्यांनी आपल्या संस्कृत नावाचेही तमिळ रूपांतर केले आणि ते मरैमलै अडिगळ या नावाने ओळखले जाऊ लागले. कॉलेज त्या काळी जॉर्ज टाऊनच्या गजबजाटात होते. तांबरमच्या झाडीत ते गेले १९३७ साली. गुदामे, पेढ्या आणि न्यायालये यांच्या शेजारी बसून मुले रानातल्या संध्याकाळचे एक काव्य वाचू लागली, आणि त्या काव्याच्या नावातला ‘मुल्लै’ हा शब्द एका नव्या अर्थाच्या दिशेने सरकू लागला.

इंग्रजी शिक्षण घेतलेल्या त्या पिढीजवळ ग्रामजीवनाच्या रम्य चित्रासाठी दोन शब्द तयार होते : ‘पॅस्टोरल’ आणि ‘आयडिल’. यांपैकी दुसऱ्याचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘लहानसे चित्र’ एवढाच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थिओक्रिटस या कवीच्या छोट्या कवितांना ते नाव पडले. त्यांतल्या काही गाजलेल्या कविता मेंढपाळांविषयीच्या असल्याने शब्दालाच गवताचा आणि पाव्याचा वास लागला. पुढे व्हर्जिलने आपले गुराखी आर्केडियात नेऊन बसविले. प्रत्यक्षातील आर्केडिया हा ग्रीसमधील डोंगराळ, कष्टाचा मुलूख आहे, ही गोष्ट युरोपीय काव्याने फारशी मनावर घेतली नाही. तमिळ काव्याविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘मुल्लै’ला ‘पॅस्टोरल’ हा प्रतिशब्द दिला तेव्हा या सगळ्या परंपरेची छाया त्या तमिळ शब्दावर पडली. प्रतिशब्द चुकीचा नव्हता. मुल्लैच्या प्रदेशात गुरे आहेत, गवळी आहेत, पावाही आहे. परंतु त्या शब्दाच्या गाभ्याशी जे होते, ते या प्रतिशब्दात आले नाही.

मुल्लै हे मुळात एका फुलाचे नाव. आपल्या जुईच्या कुळातली ही पांढरी, नाजूक, संध्याकाळी उमलणारी वेल. तिच्यावरून ती जिथे फुलते त्या रानाला मुल्लै म्हणू लागले, आणि रानावरून तिथल्या एका मनःस्थितीला. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन व्याकरण-काव्यशास्त्रग्रंथात ही व्यवस्था सांगितली आहे. कुरिंजि हा डोंगर, मरुदम ही पाटाच्या पाण्याची शेती, नेय्दल हा समुद्रकिनारा, मुल्लै हे रान आणि कुरण. पाचवी पालै, म्हणजे रखरखीत ओसाडी. प्रत्येक भूमीला तिचा ऋतू, तिची वेळ, तिची झाडेझुडपे, पशुपक्षी, धान्य, वाद्य आणि माणसे असतात. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकीचा प्रेमातील एक भाव ठरलेला असतो. मुल्लैचा ऋतू पावसाळा, वेळ संध्याकाळ, दैवत सावळा मायोन, माणसे आयर म्हणजे गवळी. धान्य भाताचे नव्हे. वरगु आणि सामै, म्हणजे आपला कोद्रा नि त्याच्याच तोलाचे दुसरे भरड धान्य. वरकस जमिनीचाच हा संसार. बहावा तिथे फुलतो, रानकोंबडा ओरडतो, हरणांच्या जोड्या दिसतात.

आणि भाव? तो आहे ‘इरुत्तल’. या शब्दाचा सरळ अर्थ ‘असणे, राहणे, थांबणे’. पती दूर गेला आहे, बहुधा राजाच्या मोहिमेवर. पावसाळा लागण्यापूर्वी परतेन असे सांगून गेला आहे. ढग तर दाटून आले आहेत, आणि ती धीर धरून घरी थांबली आहे. हे थांबणे म्हणजे मुल्लै. शब्दाने येथून आणखी एक पाऊल टाकले आणि प्राचीन काव्यातच तो ‘कर्पु’शी, म्हणजे पातिव्रत्याशी, जोडला गेला. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात जो प्रचंड तमिळ कोश प्रसिद्ध केला, त्यात फूल, रान, विरहातील धैर्य, पातिव्रत्य हे अर्थ एकाच नोंदीखाली नांदताना दिसतात. ‘रम्य ग्रामजीवन’ हा अर्थ या परंपरेने सांगितलेला नव्हे. तो या शब्दात बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो. रान रम्य आहे खरे, पण ते कुणाच्या तरी नसण्याने भरलेले आहे.

‘मुल्लैप्पाट्टु’ वाचताना हे फार स्पष्ट होते. अवघ्या १०३ ओळींचे हे काव्य ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घ काव्यांच्या संग्रहातले सर्वांत लहान. कवीचे नाव नप्पूदनार. परंपरा त्याची ओळख देते ती कावेरीपट्टणमच्या सोन्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा अशी. ही ओळख सहज ओलांडून जाण्यासारखी नाही. कावेरीच्या मुखावरील ते बंदर त्या काळी दूरदूरच्या जहाजांनी गजबजलेले असे. रानातल्या संध्याकाळचे हे काव्य लिहिणारा माणूस गुराखी नव्हता, शेतकरीही नव्हता. पेढीवरच्या तराजूशेजारी वाढलेला तो नागर तरुण होता. थिओक्रिटस सिराक्यूजचा आणि अलेक्झांड्रियाच्या राजदरबाराशी संबंध असलेला, नप्पूदनार कावेरीपट्टणमचा. गावाच्या रम्यतेला नाव देण्याचे काम दोन्हीकडे शहरवासीयांकडेच आलेले दिसते.

काव्याचा आरंभ पावसाने होतो. वृद्ध स्त्रिया गावाच्या वेशीबाहेर जाऊन भात आणि मुल्लैची फुले वाहतात आणि शकुनाचा शब्द कानी पडावा म्हणून थांबतात. तो येतो एका गवळ्याच्या पोरीच्या तोंडून. थंडीने खांदे आवळून उभी असलेली ती मुलगी, आईसाठी व्याकूळ झालेल्या वासरांना समजावते की तुमच्या आया आता येतीलच, गवळी त्यांना हाकत आणीत आहेत. वृद्धा राणीकडे परतून सांगतात : शब्द चांगला मिळाला, तोही येईल. राणीचे डोळे मात्र कोरडे होत नाहीत.

येथपर्यंत सारे ‘लहानसे चित्र’ या वर्णनात बसते. पण त्यानंतर कवी वाचकाला उचलून नेतो तो थेट लष्करी छावणीत, आणि काव्याचा मोठा भाग तिथेच जातो. रान तोडून ही छावणी उभारली आहे. हत्ती उसाकडे आणि कणसांकडे पाठ फिरवून उभे आहेत, आणि माहूत त्यांना उत्तरेच्या भाषेतले शब्द वापरून खायला लावीत आहेत. धनुष्ये रोवून त्यांवर तट केला आहे. घटिकापात्र पाहून वेळ सांगणारे आहेत. राजाच्या तंबूवर यवनांचा पहारा आहे. राजाला झोप नाही. जखमी हत्ती, बाणांनी कान खाली पडलेले घोडे आणि आपल्यासाठी पडलेले योद्धे त्याला आठवत आहेत. राणीचे थांबणे आणि राजाचे हे जागणे अशी दोन टोके एका काव्यात बांधली आहेत, आणि दोहोंच्या मध्ये तेच एक रान आहे. वासरे जिथे हंबरतात आणि खंदक जिथे खणला आहे ती भूमी वेगळी नाही. ही रचना चौदाव्या शतकातील थोर भाष्यकार नच्चिनार्क्किनियर यांना पेलली नाही असे म्हणावे लागते. अर्थ लावण्यासाठी त्यांनी दूरदूरच्या ओळी उचलून एकमेकींना जोडल्या. मरैमलै अडिगळांचा या भाष्याशी मुख्य वाद हाच होता. ओळी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने वाचाव्यात, असा त्यांचा आग्रह. तो वाद केवळ अन्वयाचा वाटतो; पण छावणी घरातून वेगळी काढायची की घराच्या मधोमध राहू द्यायची, हा प्रश्न त्यात होताच.

हे काव्य त्या वर्गापर्यंत पोचले कसे, याचीही कथा मद्रासमध्येच येऊन मिळते. कुंभकोणमला अध्यापक असलेल्या उ. वे. स्वामिनाथ अय्यरांना १८८० साली सेलम रामस्वामी मुदलियार या मुन्सफाने जुन्या महाकाव्यांविषयी विचारले. आणि आपण शिकलो ते तमिळ वाङ्मयाचे अंगण होते, घर नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर साऱ्या तमिळ प्रदेशात ताडपत्रे शोधीत ते हिंडले. ‘पत्तुप्पाट्टु’ त्यांनी १८८९ साली मद्रासमध्ये छापले. दोनच वर्षे आधी दामोदरम् पिळ्ळै यांनी ‘कलित्तोगै’ प्रकाशित केले होते. मुल्लैची सर्वांत रांगडी गाणी याच संग्रहात आहेत. स्वामिनाथ अय्यर १९०३ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तिरुवल्लिक्केणीतील त्यांचे घर २०१२ साली पाडले गेले. वसाहतीच्या या बंदरातील छापखान्यांनी कुरणाचा शब्द पुन्हा वापरात आणला.

मराठी वाचकाला या साऱ्याचे सख्य चटकन जाणवावे, याला एक जुने कारण आहे. हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातही गाव आहे, शेत आहे, पावसापूर्वी परतायला हवा असलेला पथिक आहे आणि दिवस मोजणारी त्याची बायको आहे. गळक्या छपराखाली पोराला आपल्या देहाने झाकणारी, पण आपल्याच आसवांनी तो भिजतो आहे हे न उमगणारी माउलीही आहे. जॉर्ज हार्ट यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गाथा आणि तमिळ संघकाव्य यांतील संकेतांचे साम्य विस्ताराने दाखविले. दख्खनमधील एका समान मौखिक परंपरेपर्यंत ते त्याचा माग नेतात. सातवाहनांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्रविड भाषेतील लेख आहे, हेही येथे आठवावे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथांची सटीक मराठी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा हा ठेवा सामान्य वाचकासाठी खुला झाला.

पण नाव देण्याच्या रीतीत दोन्ही परंपरा अलग झाल्या. संस्कृत काव्यशास्त्राने थांबणाऱ्या स्त्रीला ‘प्रोषितभर्तृका’ हे नाव दिले आणि तिला नायिकांच्या यादीत बसविले. तमिळने नाव दिले ते भूमीला. एकीकडे थांबणे ही व्यक्तीची अवस्था झाली, दुसरीकडे ती मुलखाची झाली. मराठीने पुढे निवडलेला शब्द तिसऱ्याच जागेवरून आला. ‘जानपद’ हा ‘पौर’चा जोडीदार, पुरात राहणारे ते पौर, बाहेरच्या प्रदेशातले ते जानपद. राज्यशास्त्रातील हा कोरडा शब्द रविकिरण मंडळाच्या काळात ‘जानपद गीत’ या नावाने काव्यात आला. यशवंत, गिरीश आणि विशेषतः ग. ल. ठोकळ यांच्या गीतांतून मोट, घुंगरमाळ, न्याहारी, हुरडा आणि लाजरी कारभारीण यांचे एक जग उभे राहिले. त्यात खरा जिव्हाळा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठोकळांना खेड्याची बोली अवगत होती. तरीही या गीतांचा बराचसा रसिकवर्ग पुण्यामुंबईचा होता, आणि त्याला हवे होते ते रान पाऊस पडून गेल्यानंतरचे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्येच लिहिला होता. त्यातले कर्जात बुडालेले, अंगावर धड वस्त्र नसलेले कुणब्याचे घर जानपद गीताच्या चौकटीत कधी शिरले नाही. १९७०नंतरच्या ग्रामीण साहित्याच्या चळवळीने, विशेषतः आनंद यादवांनी, ‘जानपद’ बाजूला सारून ‘ग्रामीण’ हा शब्द आग्रहाने पुढे आणला, त्यामागे हा अनुभव होता. शब्द बदलल्याने गाव बदलत नाही, पण गावाकडे कोण पाहत आहे हे बदलू शकते. मराठीत ते काही प्रमाणात बदललेही.

तमिळला असा नवा शब्द शोधावा लागला नाही. कारण तिच्या जुन्या शब्दातच त्याचा प्रतिवाद दडलेला होता. ‘शिलप्पदिकारम्’मध्ये इळंगो अडिगळ सांगतात की मुल्लै आणि कुरिंजि आपला मूळ स्वभाव हरवून, उन्हात होरपळून दुःख देऊ लागल्या की त्यांनाच पालै म्हणतात. पालैला स्वतःची भूमी नाही. रम्य रान आणि ओसाडी हे दोन मुलूख नव्हेत. एकाच मुलखाच्या दोन अवस्था आहेत. हे सूत्र कथेतही उतरते. मदुरेच्या वेशीबाहेर कण्णगी आणि कोवलन उतरतात ते मादरी नावाच्या गवळणीच्या घरी. शेणाने सारवलेले अंगण, ताजे दूध, प्रेमळ यजमानीण, तिची मुलगी ऐयै अशी सारी रम्यता कवीने तिथे हात न आखडता ओतली आहे. कोवलन पैंजण विकायला शहरात जातो. दुसऱ्या सर्गात दूध विरजत नाही, लोणी वितळत नाही, बैलाच्या डोळ्यांतून पाणी येते, गळ्यातल्या घंटा गळून पडतात. अपशकुन टाळावा म्हणून गवळणी मायोनची गाणी गात फेर धरतात. आणि तो फेर संपतो न संपतो तोच कोवलनाच्या वधाची बातमी येते. आपल्या आश्रयाला आलेल्यांचे रक्षण करता आले नाही म्हणून मादरी अग्निप्रवेश करते. तमिळ वाङ्मयातील गोकुळाचे हे सर्वांत परिपूर्ण चित्र दोन दिवसांहून अधिक टिकत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच कण्णगी मद्रासच्या मरीनावर पुतळा होऊन उभी राहिली. १९६८च्या जानेवारीत दुसरी जागतिक तमिळ परिषद तिथे भरली. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यालगत प्राचीन कवी आणि विद्वानांचे पुतळे बसविले गेले. संघकाव्यातील पाच भूमी आता समाजाच्या अभिमानाचा भाग झाल्या. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि येथे मजुरीचा वाद विकोपाला जाऊन एका झोपडीत आश्रय घेतलेले ४४ दलित शेतमजूर, बहुतांश बायका आणि मुले, जिवंत जाळले गेले. काव्यशास्त्राच्या भाषेत ती भूमी मरुदम, पाटाच्या पाण्याची, सुपीक, हंस आणि कमळांची. इंदिरा पार्थसारथी यांनी या घटनेवरून ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी लिहिली आणि तिला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तोवर कोडंबाक्कमच्या स्टुडिओत पुठ्ठ्याची गावे उभारून त्यांत गाणी चित्रित होत असत; भारतीराजांनी १९७७ मध्ये ‘१६ वयदिनिले’साठी कॅमेरा खऱ्या गावात नेला तेव्हा प्रेक्षकांना गावातली धूळ नवी वाटली.

शब्दाच्या अलीकडच्या इतिहासातले सर्वांत गजबजलेले प्रकरण बैलाचे. ‘कलित्तोगै’तील मुल्लैच्या गाण्यांत ‘एरु तळुवुदल’ आहे. एरु म्हणजे बैल, तळुवुदल म्हणजे मिठी मारणे. गवळ्यांची तरुण मुले मोकळ्या सोडलेल्या बैलाच्या वशिंडाला कवटाळतात. जो टिकून राहील त्याला मुलगी. आजच्या जल्लिकट्टूचे समर्थक आपली परंपरा इथपर्यंत नेतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूवर आणि त्याबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. त्या निकालात एक भाषिक युक्तिवाद आला आहे : तमिळ परंपरेतला शब्द बैलाला मिठी मारण्याचा आहे, त्याला नमवून शौर्य दाखविण्याचा नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीनावर हजारो तरुण दिवसरात्र ठाण मांडून बसले. त्यांतील पुष्कळ जण माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातले किंवा महाविद्यालयात शिकणारे, शहरात वाढलेले. त्याच महिन्यात विधानसभेने कायदा बदलला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले, आणि एखादी प्रथा सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे असे म्हटले.

बंदी मागणाऱ्यांनी मिठीचा शब्द कोमल मानला, खेळ मागणाऱ्यांनी तो वीरवृत्तीचा मानला. ‘कलित्तोगै’च्या गाण्यांत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. तिथे बैलांची वर्णने लाडाने केलेली आहेत, त्यांचे रंग, त्यांच्या कपाळावरचे ठिपके नीट न्याहाळलेले आहेत. आणि त्याच शिंगांवर तरुणांची आतडी लोंबताना दाखविली आहेत. मारुन्हाणामारीची ती धूळ खाली बसल्यावर कुरवै नाच होतो. बाजूला बांधलेल्या माचांवर मुली बसलेल्या असतात. कोण बैलावरून उतरून आपल्या पायांनी चालत येतो आणि कोणाला उचलून आणतात, हे त्या तिथून पाहत असतात.